किर्बीचं अवकाश काळ्या शाईत कसं उतरवायचं

अमेरिकी कॉमिक्स-चित्रकार जॅक किर्बीच्या पानाची नक्कल करायला बसलेला चित्रकार बहुधा ठिपक्यांपासून सुरुवात करतो. ‘किर्बी क्रॅकल’ या नावाने ओळखले जाणारे ते काळे गोल तो राक्षसाच्या पंजाभोवती माळेसारखे ओवत जातो, आणि मग पान मेलेलं का दिसतं ते त्याला कळत नाही. ते ठिपके अंधाराचे असतात. ऊर्जा असते ती त्यांच्यामधल्या कोऱ्या कागदात. एवढं डोक्यात बसलं तर खालची कृती सोपी आहे. नाही बसलं तर बाटलीभर शाई ओतूनही उपयोग नाही.

सरावासाठी इथे एकच पूर्ण पान घेतलं आहे, ए-3 आकाराचं, आणि विषय घेतला आहे नरकासुर. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यावर त्याचे जे पुतळे उभे राहतात, त्यांची छाती, मुठी आणि खालून वर बघण्याचा कोन हे सगळं किर्बीच्या अजस्र अवकाशदैवतांच्या जवळचं आहे. शिवाय पान जमलं तर पुतळा उभारणाऱ्या मंडळाला आराखडा म्हणूनही देता येतं.

आधी पाहणं

किर्बी (1917–1994) न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीत वाढला. गटारातून वाहत चाललेला ‘वंडर स्टोरीज’चा अंक उचलून लपवून वाचल्याचं तो पुढे मुलाखतींत सांगत असे. त्या काळच्या विज्ञानकथा-मासिकांची मुखपृष्ठं फ्रँक पॉल काढायचा. त्याच्या चित्रात माणूस मुंगीएवढा आणि यंत्र पानभर. किर्बीने घेतलं ते हे प्रमाण. आकृतीची ऐट त्याने अ‍ॅलेक्स रेमंडकडून घेतली. रेमंडचा फ्लॅश गॉर्डन 1934 मध्ये सुरू झाला आणि आपल्याकडे तो इंद्रजाल कॉमिक्समधून पोचला, त्यामुळे जुन्या वाचकाला ती चण ओळखीची वाटेल.

पुढचं किर्बीचं काम चार टप्प्यांत पाहावं. पहिला टप्पा 1958 ते 1961 या काळातल्या ‘स्काय मास्टर्स’ या वृत्तपत्रीय चित्रपट्टीचा. स्पुटनिक नुकताच उडालेला होता, त्यामुळे इथली रॉकेटं आणि अवकाशपोशाख बऱ्यापैकी खरेखुरे, पाइप कुठून कुठे जातो ते दिसणारे आहेत. दुसरा 1966 चा, ‘फँटॅस्टिक फोर’चे अंक 48 ते 50, जिथे ग्रह गिळणारा गॅलॅक्टस येतो आणि यंत्र कसं चालतं हे सांगायची गरजच संपते. तिसरा 1971 चा ‘न्यू गॉड्स’. चौथा 1976 चा ‘इटर्नल्स’: प्राचीन देव म्हणजे परग्रहावरून आलेले पाहुणे, ही त्या काळी जोरात असलेली कल्पना त्याने उचलली. (कल्पना इतिहास म्हणून टाकाऊच. चित्रविषय म्हणून मात्र सोन्याची खाण.)

मराठी वाचकाने एक पाचवी गोष्ट जरूर शोधावी. रॉजर झेलाझ्नीच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’ या 1967 च्या कादंबरीत परग्रहावर वस्ती केलेली माणसं तंत्रज्ञानाच्या जोरावर हिंदू देवदेवता बनून बसतात. तिच्यावर चित्रपट काढायचं 1970 च्या दशकाच्या अखेरीस ठरलं, त्यासाठी किर्बीने भव्य इमारतींची रेखाचित्रं काढली. चित्रपट झाला नाही. पण 1980 मध्ये तेहरानमधून अमेरिकी राजनैतिक कर्मचाऱ्यांना बाहेर काढताना सीआयएने खोट्या चित्रपट कंपनीच्या बनावासाठी हीच चित्रं वापरली. हेरगिरीची ही कथा रंजक आहे, पण आपल्या कामाची आहेत ती त्या चित्रांतली शिखरं आणि दरवाजे.

पाहण्याची पद्धत अशी. छापील पानावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि जाड मार्करने फक्त भरीव काळे भाग उतरवा. चेहरे, संवादाचे फुगे, बारीक रेषा, काही नको. अर्ध्या तासात एक पान होतं. अशी चार-पाच झाली की काळ्याची वाटणी कशी आहे ते डोळ्यांनी वाचण्यापेक्षा हाताला जास्त कळतं.

दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे शाई कोणाची ते न पाहणं. किर्बी मुख्यतः पेन्सिलीत काम करायचा आणि शाई दुसरे चढवायचे. जो सिनॉटच्या शाईत ठिपके गोल, गुळगुळीत होतात. माइक रॉयर पेन्सिलीला सर्वांत प्रामाणिक. शिकायला 1972 नंतरची त्याची पानं घ्या. विन्स कोलेटाने शाई केलेल्या पानांत बारीक कातर रेषा दिसतात, आणि पेन्सिलीतल्या पार्श्वभूमीच्या आकृत्या काही ठिकाणी खोडलेल्याही असतात. तिथे मोकळी जागा पाहून ‘किर्बी असं मोकळं सोडतो’ असा निष्कर्ष काढू नका.

दुसरी फसगत मापाची. 1967 च्या सुमारापर्यंत मूळ चित्र साडेबारा बाय साडेअठरा इंचांचं असे, म्हणजे छापताना जवळजवळ निम्मं होई. नंतर ते दहा बाय पंधरा इंचांवर आलं. म्हणून 1966 च्या छापील पानावर ठिपका 4 मिमी दिसला तर मुळात तो 8 मिमी होता. 1971 च्या पानावरचं माप दीडपट करा. हा हिशेब न करता छापील मापाने काढलेले ठिपके मिरपूड सांडल्यासारखे दिसतात.

कागद, शाई आणि गोव्याचा पाऊस

ए-3 कागदावर मधोमध 254 बाय 381 मिमीची चौकट आखा. ही किर्बीची उत्तरकाळातली दहा बाय पंधरा इंचांची चौकट. दोन्ही बाजूंना साडेएकवीस मिमी आणि वर-खाली साडेएकोणीस मिमी समास उरतो.

कागद 300 जीएसएमचा गुळगुळीत आयव्हरी घ्यावा. कार्ट्रिज पेपर ऑक्टोबर ते मे ठीक आहे. जून ते सप्टेंबरमध्ये तो हवेतलं पाणी पितो, तंतू फुगतात आणि शाईची कड केसाळ होते. तपासायचं असेल तर त्याच कागदाच्या कपट्यावर ब्रशने एक जाड रेघ ओढा आणि दोन मिनिटांनी भिंगातून पाहा. कडेला पाय फुटले असतील तर तो गठ्ठा रंगकामाला ठेवा. कागद प्लास्टिकच्या बंद फोल्डरमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह आडवा ठेवावा. कपाटात उभा ठेवला तर पावसाळ्यात कमान धरतो, आणि भिंतीला टेकवला तर बुरशी.

शाई काळी, वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. एका पानाला दहा मिलीहून जास्त लागत नाही. तिच्यात लाख असते, म्हणून ब्रश पाण्यात नुसता बुडवून भागत नाही. दर अर्ध्या तासाने साबणाने धुवा, नाहीतर मुळाशी शाई कडक होऊन टोक फाकतं. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली वाटीतली शाई घट्ट होते, तेव्हा डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब टाका. पावसाळ्यात एकही नको. ब्रश गोल, 2 आणि 4 नंबरचे, शिवाय मोठ्या भरणीसाठी अर्धा इंची चपटा. दुरुस्तीला पांढरा पोस्टर कलर. पेन्सिल एचबी, 2बीचा भुगा शाईखाली राहिला की काळा रंग राखाडी चमकतो.

आकृती

क्षितिजरेषा चौकटीच्या तळापासून 60 मिमीवर ठेवा. नरकासुराचं डोकं फक्त 40 मिमी उंच, वरच्या कडेच्या जवळ. पुढे आलेली मूठ 110 मिमी रुंद, मागची 35. पुढचं पाऊल चौकटीने अर्धं कापलेलं. ही मापं कागदावर लिहून मगच रेषा काढा, कारण डोळा आपोआप मूठ लहान करतो आणि डोकं मोठं. नवशिक्याच्या दहा पानांपैकी नऊ पानं इथेच मऊ पडतात.

मूठ ठोकळ्यातून बांधा. आधी 110 मिमीचा चौकोनी ठोकळा, त्याच्या दर्शनी बाजूवर बोटांचे चार पट्टे, बोटांची टोकं सपाट कापलेली. मनगट ठोकळ्याच्या मागे लपलेलं हवं. मनगट पूर्ण दिसलं की हात पुढे येत नाही, बाजूला जातो. कोपराचा फक्त वरचा भाग दिसू द्या. स्नायूंवर आणि चिलखतावर किर्बी जे वळवळते काळे आकार टाकतो ते सावली म्हणून मोजूमापून काढलेले नसतात. चकचकीत पृष्ठभागावर पडलेलं वेडंवाकडं प्रतिबिंब समजून काढा: एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला सुईसारखे, आणि अवयवाच्या गोलाईला आडवे. एका दंडावर दोन पुरेत. पाच टाकले तर चिंध्या दिसतात.

तळाशी, क्षितिजरेषेच्या आसपास, 9 मिमी उंचीची तीन-चार माणसं काढा. राक्षस 300 मिमीचा असेल तर या प्रमाणात तो साधारण 55 मीटर उंच ठरतो. ही माणसं नसतील तर तो सहा फुटी पहिलवान.

यंत्र

किर्बीचं यंत्र चालत नाही, पण ते चालत असेल असं वाटतं. हे वाटणं तीन मापांमुळे येतं. आधी दोन-तीन प्रचंड आकार: एक अर्धवर्तुळ, एक नळकांडं, एक कललेली तबकडी. त्यांच्या सांध्यांवर सहा-सात मध्यम भाग. आणि अगदी शेवटी, एखाद्याच कोपऱ्यात घोळका करून, बारीक गोळे, पट्ट्या, खाचा. सगळीकडे सारखे बारकावे पेरले की यंत्राचं गालिच्यात रूपांतर होतं. दोन्ही बाजू सारख्याही करू नका.

आकार कुठून आणायचे? पॉलच्या मुखपृष्ठांवरून उतरवलेलं यंत्र तिसऱ्या हाताचं होतं. मांडवीत नांगरलेल्या खनिजाच्या बार्जेस, नदीकाठच्या धक्क्यांवरचे कन्व्हेयर, नव्या झुआरी पुलाचे केबल जिथे खांबाला भिडतात ते सांधे, यांची पेन्सिल-टिपणं करा. वास्कोच्या बंदराच्या आणि नौदलाच्या हद्दीजवळ मात्र कॅमेरा बाहेर काढू नका. सार्वजनिक रस्त्यावरून दिसतं तेवढंच घ्या.

आणि मंगेशीचा दीपस्तंभ. सात मजली, अष्टकोनी, प्रत्येक मजला वर जाताना आवळलेला. तो खालून पाहून काढा, मजल्यांच्या कमानी खोल काळ्या भरा, कंगोऱ्यांच्या जागी जाड कडी बसवा, कळसाचा गोल तबकडीने बदला. ‘लॉर्ड ऑफ लाइट’च्या चित्रांत किर्बीला जे हवं होतं, म्हणजे देऊळ आहे की ऊर्जाकेंद्र हे न कळणारी वास्तू, ते इथे पंधरा मिनिटांत मिळतं. अष्टकोनाचे तीनच दर्शनी पैलू दाखवा. चौथा दाखवायला गेलात तर दृष्टिकोन मोडतो.

फूटपट्टी फक्त पेन्सिलीला. शाईची रेघ मोकळ्या हाताने ओढा. किंचित हललेली रेघ धातूला वजन देते, पट्टीची रेघ त्याला पत्र्याचा डबा बनवते.

ठिपके

आता मुख्य काम. पेन्सिलीत आधी ऊर्जेचा आकार काढा: मुठीतून निघून वरच्या डाव्या कोपऱ्याकडे फाकत जाणारा, कडा फाटलेला झोत. या आकाराच्या आत बारीक फुलीची खूण करा. फुली म्हणजे इथे शाई जवळजवळ नाही. झोताच्या दोन्ही बाजूंना भरीव काळ्याच्या जागा ठरवा. आकृती आणि यंत्र धरून सगळं काळं चौकटीच्या निम्म्याच्या आसपास राहू द्या.

शाई काळ्या भागाच्या पोटातून सुरू करा, कडेवरून नव्हे. चपट्या ब्रशने आतला भाग भरा आणि कडेपासून 15 मिमी आधी थांबा. मग 4 नंबरच्या ब्रशने त्या काळ्याच्या कडेवर 10 ते 12 मिमीचे गोल असे टाका की प्रत्येकाचा तिसरा हिस्सा काळ्यात बुडालेला असेल. आता कड ढगासारखी फुगवट्यांची होते. त्यापुढे, काळ्यापासून सुटलेले 5-6 मिमीचे गोल, दोन-तीन एकमेकांत मिसळलेले, मग एखादा सुटा. आणि झोताच्या अगदी काठावर 2-3 मिमीचे, मोजकेच. मोठ्याकडून लहानाकडे हा प्रवास नेहमी अंधारातून उजेडाकडे. उलटा केला तर झोत आत ओढला गेल्यासारखा दिसतो. ते कधी हवंही असतं, पण ठरवून करावं.

दोन मोठे गोल एकमेकांत शिरतात तिथे मध्ये तिकोनी पांढरी फट उरते. तिला हात लावू नका. अशा आठ-दहा फटी भरीव काळ्यातही जाणूनबुजून सोडा. त्याच ठिणग्यांचं काम करतात. फट 1 मिमीपेक्षा बारीक असेल तर छपाईत बुजते, म्हणून निदान दीड मिमी.

सगळ्यांत जास्त बिघडवणारी चूक म्हणजे दोन गोलांचं एकाच बिंदूत चिकटणं. डोळा नेमका त्या बिंदूवर अडकतो. एक तर गोल तिसऱ्या हिश्श्याइतका दुसऱ्यात घाला, नाहीतर स्पष्ट फट ठेवा. गोल अगदी गोलही नकोत. स्टेन्सिलने काढलेले ठिपके बटणं वाटतात. किंचित लांबट, झोताच्या दिशेला कललेले, प्रत्येक वेगळा. सगळे एकाच मापाचे पडले असतील तर नवे ठिपके वाढवण्यापेक्षा शेजारचे तीन-चार जोडून एक वेडावाकडा मोठा डाग करा. तोच उपाय.

ठिपके आकृतीच्या अंगावर चढवू नका. मुठीच्या बाह्यरेषेला समांतर अशी ठिपक्यांची ओळही नको. मुठीजवळ 8 ते 10 मिमी पट्टा संपूर्ण कोरा ठेवा. त्या पांढऱ्यामुळेच मूठ तापलेली दिसते.

उजव्या हाताने काम करणाऱ्याने वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे यावं, हाताखाली कोरा कागद ठेवून. मोठा काळा भाग उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटांत सुकतो. जुलैत तासभर धरून चला. वरून कोरडी वाटणारी शाई आत ओली असते आणि खोडरबर फिरवला की राखाडी पट्टा उठतो. रात्रभर थांबा. मग मऊ रबराने पेन्सिल पुसा आणि जिथे काळं उतरलं असेल तिथे दुसरा हात द्या. हेअर ड्रायरने घाई केली तर कागद वाकतो आणि भरणीच्या थराला भेगा जातात.

कोलाज हवं असेल तर

1960 च्या दशकात किर्बी मासिकांतली छायाचित्रं कापून परग्रहांची दृश्यं जुळवत असे. 1966 मधल्या ‘फँटॅस्टिक फोर’च्या 51 व्या अंकात असं पान आहे. त्या काळच्या स्वस्त कागदावर ती चित्रं गढूळ छापली गेली. आज तो दोष टाळता येतो: कात्रणं थेट न चिकटवता झेरॉक्सवर कॉन्ट्रास्ट वाढवून प्रत काढा, मधले राखाडी टप्पे गेलेत याची खात्री करा, मगच कापा. कापलेली पांढरी कड काळ्या मार्करने रंगवा, नाहीतर स्कॅनमध्ये तिची रेघ येते. पातळ कागदाला पांढरा गोंद लावला की सुरकुत्या पडतात. ग्लू स्टिक बरी. खळ तर नकोच, पावसाळ्यात कसर लागते. आकृती वेगळ्या कागदावर शाईत काढून, कापून, सर्वांत वर चिकटवा.

स्कॅन, रंग आणि मंडळ

स्कॅन 600 डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये. ए-3 चं चित्र 7016 बाय 9921 पिक्सेल येतं. ए-3 स्कॅनर नसेल तर दोन तुकड्यांत, मध्ये 4 सेंमी सामाईक ठेवून. शुद्ध काळं-पांढरं नंतर संगणकावर थ्रेशोल्डने (ठरावीक गडदपणापलीकडचं सगळं काळं, बाकी पांढरं) करा, म्हणजे बुजणाऱ्या फटी वाचवता येतात. रंग कमी ठेवा. जुन्या कॉमिक्समध्ये तीन रंगांच्या 25, 50 आणि 100 टक्के छटांतून 64 मिश्रणं मिळत, आणि किर्बीची पानं तेवढ्यावरच उभी आहेत. झोताला पिवळा, त्याच्या बाहेरच्या फटींना किरमिजी, राक्षसाला थंड निळा. ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलत जाणारी छटा, वापरला की ठिपक्यांनी केलेलं काम दुसऱ्यांदा केल्यासारखं होतं.

मंडळासाठी हे चित्र वाढवताना 1 सेंमीला 20 सेंमी असं चौकटीचं प्रमाण धरलं तर 30 सेंमीचा नरकासुर 6 मीटरचा होतो. पण कागदावरची मूठ जशीच्या तशी वाढवू नका. कागदावर ती डोक्याच्या पावणेतीनपट आहे, कारण तिथे खोली खोटी असते. रस्त्यावर बघणारा खरोखरच खाली उभा असतो आणि पुढे आलेली मूठ त्याला आपोआप मोठी दिसते, म्हणून डोक्याच्या दीडपट पुरे. तेवढीदेखील पुढे लटकली की तोल जातो: दंडाचा बांबू पाठीतून आरपार न्या आणि मागच्या टोकाला तारेने सांगाड्याच्या तळाशी ताणून बांधा. मुठीत गवत भरू नका, चुरगळलेला कागद भरून वर प्लास्टिक गुंडाळा, आणि मिरवणुकीआधी प्लास्टिक काढून टाका. ऑक्टोबरात संध्याकाळी एक सर आली तरी गवत पाणी धरतं आणि मनगट वाकतं.